आमची टीम लक्ष घालते आहे

आमच्या घरात एक कंपनी आहे. मालक, व्यवस्थापक, हिशेबनीस, जाहिरातप्रमुख आणि तक्रार निवारण अधिकारी, सगळं आमची सून. सरकारदरबारी नोंद तिच्या एकटीच्या नावावर. नोकर नाहीत, गाळा नाही, गोदाम नाही, शटर नाही. मैत्रिणीला फोनवर ती सांगत असते, "अगं, एकटीचाच कारभार. खर्च म्हणून काही नाहीच." हे सांगणं चालू असताना मी फरशीवर फतकल मारून खोक्याला ब्राउन टेप लावत असतो आणि शेजारी आमची ही उशांचे लोंबते दोरे कातरत बसलेली असते. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतो आणि कामाला लागतो.

धंदा उशांचा. डोक्याखालच्या नव्हे, त्याच्या बऱ्याच खालच्या. खुर्चीवर ठेवायची एक आणि कमरेमागे लावायची एक, असा जोड. खोळ जीन्सच्या कापडाची. गिऱ्हाईक म्हणजे घरून काम करणारी मंडळी. त्यांना कंपनी लॅपटॉप देते, हेडफोन देते, दिवाळीला सुक्या मेव्याचा डबाही पाठवते. पाठ मात्र ज्याची त्याने आणायची असते.

आम्हा बदलापूरकरांच्या पाठीचं खातं पूर्वी रेल्वेकडे होतं. सीएसएमटीपासून बदलापूर जवळजवळ 68 किलोमीटर. इंडिकेटरवर 'बीएल' दिसलं की नोकरीभर माझ्या पोटात कालवाकालव होत असे, कारण कळव्यापर्यंत उभं राहायचं की मुंब्र्यापर्यंत, याचा निकाल त्यानंतरच्या पाच सेकंदांत लागायचा. जागा मिळाली तरी चौथी. चौथ्या सीटवर माणूस बसत नाही, टेकतो. आणि उरलेला देह पॅसेजमध्ये भाड्याने देतो. या शिस्तीत घडलेला कणा घरच्या आरामात बिघडेल असं कुणाला वाटलं असतं?

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे लोकल बंद झाली. जूनच्या मध्यावर सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्या लोकांपुरती. बाकीच्यांना ठरावीक वेळांत मुभा मिळाली ती 1 फेब्रुवारी 2021 ला, एप्रिलमध्ये पुन्हा बंदी आली, आणि 15 ऑगस्टपासून दोन डोसवाल्यांना पास मिळू लागला. या काळात बदलापूरला एक शोध लागला : आपल्या गावात पुरुष राहतात, आणि ते उजेडातही दिसतात. त्याआधी आठवड्याच्या दिवसांत दुपारचं बदलापूर हे शाळेतली मुलं, बायका आणि निवृत्त माणसं यांचं गाव होतं. आता सकाळी अकराला हाफपँटमधला तिशीचा गृहस्थ कानात हेडफोन घालून कोथिंबिरीची जुडी निवडताना दिसतो. भाजीवाली भाव सांगते, तो मान हलवतो, पण ती मान भाजीवालीसाठी असते की बंगळुरूच्या मॅनेजरसाठी, हे दोघींपैकी कुणालाच कळत नाही. मॅनेजरही बाईच आहेत, हे मला त्याच्या बोलण्यावरून कळलं.

पण वन बीएचकेच्या आराखड्यात बिल्डरने ऑफिस काढलेलं नव्हतं. आमच्या चिरंजीवांनी पहिले सहा महिने शिलाई मशीनच्या झाकणावर लॅपटॉप ठेवून, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळलं. मशीन पायाचं, त्यामुळे मीटिंग लांबली की त्यांचे पाय नकळत चालू लागायचे आणि खाली चाक फिरायचं. कंबर धरली तेव्हा सूनबाईंनी त्यांचीच जुनी जीन्स उसवून पहिली उशी शिवली. तेव्हा ती एका खासगी शाळेत शिकवत होती. शाळा बंद, पगार अर्धा. दुसरी उशी चौथ्या मजल्यावरच्या पोराने मागितली, तिसरी त्याच्या पुण्याच्या टीम लीडरने. चौथीपासून पैसे घेतले.

जुन्या जीन्स संपल्यावर आमच्या कंपनीचा उल्हासनगराशी व्यवहार सुरू झाला, आणि त्या खात्याचा प्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली. नेमणूक म्हणजे एवढंच, की "बाबा, तुमचा सीनियर सिटिझनचा वेळ जातोच आहे" असं सकाळच्या चहाबरोबर सांगण्यात आलं.

उल्हासनगर स्टेशनला पूर्वेला उतरायचं, शेअर रिक्षाने कॅम्प 5 गाठायचा. गल्लीत शिरलं की मशीनचा एकसुरी घरघराट. इथे शिवलेली जीन्स देशभर जाते. जीन्स धुण्या-रंगवण्याचे कारखाने वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून बंद झाले, काही लांब गेले, शिवणकाम टिकलं. जीन्स कापताना उरणाऱ्या तुकड्यांना इथे चिंधी म्हणतात आणि चिंधी किलोवर मिळते. शेठ सिंधी, कटिंग मास्टर उत्तर प्रदेशचे, मी बदलापूरचा. तिघं मिळून जी भाषा बोलतो तिला व्याकरण नाही, पण उधारी नीट कळते. शेठ मला 'अंकल' म्हणतात. त्यांचं वय माझ्याहून दोन-चार वर्षांनी जास्तच असावं, पण गिऱ्हाईक अंकल आणि आपण भाई, हा तिथला शिष्टाचार आहे.

एकदा चिंधीचं वजन होईपर्यंत शेठनी चहा मागवला आणि सुनेच्या धंद्याची चौकशी केली. घरातूनच चालतो, दुकान नाही, माणसं नाहीत, हे ऐकून त्यांना काही विशेष वाटलं नाही. त्यांचा जन्म बॅरेकमधला. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने उभारलेल्या कल्याण छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं उतरवली गेली. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. गाव बदललं, महापालिका आली, पण पत्ते अजून तेच : कॅम्प नंबर, सेक्शन, बॅरेक नंबर, रूम नंबर. त्या एकेका रूममध्ये एकेक कारखाना होता, असं शेठ म्हणाले. आई पापड लाटायची, आजी मोजून गड्ड्या बांधायची, बाप ते लोकलमध्ये विकायचा आणि स्वतः शेठ शाळेच्या आधी गल्लीत वाळवणाची राखण करायचे. "धंदा बाप का था," ते म्हणाले. मग जरा थांबून, "कागज पे."

हे 'कागज पे' मला फार आवडलं. सूनबाई संध्याकाळी भाजी चिरताना मोबाइलवर धडे ऐकते. एकट्याने ऑनलाइन धंदा कसा उभारावा, खर्च कसा छाटावा, माणूस न ठेवता दुप्पट ऑर्डरी कशा काढाव्या. धडे देणारा तरुण चांगला आहे, दाढी कोरलेली, मागे कुंडीतलं रोप. गोदामाऐवजी घर वापरा म्हणतो. पॅकिंग रात्री उरका म्हणतो. पण त्याच्या घरात पलंगाखाली आधीपासून काय होतं, रात्री उरकायचं म्हणजे कोणी, आणि कुरियरचा मुलगा भर दुपारी घंटा वाजवतो तेव्हा दार उघडायला कोण उठतं, हा धडा अजून आलेला नाही. मी सगळे ऐकले आहेत. माझ्या टेप लावण्याच्या वेळेलाच ते चालू असतात.

खोकी अंबरनाथची. आनंदनगर एमआयडीसीतला खोकेवाला पाचशेच्या खाली हात लावत नाही, कारण डाय बसवायचा खर्च पाच खोक्यांना तेवढाच आणि पाचशेंना तेवढाच. पाचशे खोकी घडी घातलेली असली तरी पाचशेच असतात. ती दिवाणाखाली गेली, कपाटावर गेली, बाल्कनीत गेली. उरली त्यांवर चादर घालून आम्ही पाहुण्यांना बसवतो, आणि पाहुणे कौतुकाने म्हणतात, नवीन सोफा का?

खोकी आणायला जायचं म्हटलं की आमची ही बरोबर येते, कारण त्याच फेरीत शिवमंदिर होतं. वालधुनीकाठचं ते देऊळ शके 982 मधलं, म्हणजे 1060 सालचं; शिलालेखच आहे तसा. शिलाहारांच्या छित्तराजाने काम काढलं आणि ते पुरं झालं त्याचा भाऊ मम्मुणी याच्या काळात, मध्ये नागार्जुन नावाचा आणखी एक भाऊ राज्य करून गेला. म्हणजे राजालासुद्धा एकट्याने जमलं नाही. देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर दगड इतका बारीक कोरला आहे की ही दर वेळी थांबते, डोळे बारीक करते आणि म्हणते, "फिनिशिंग बघा." हल्ली तिला सगळीकडे फिनिशिंगच दिसतं.

याला कारण तिचं पद. त्याचं असं झालं. हिंजवडीच्या एका गिऱ्हाइकाने संदेश पाठवला की उशीची शिवण एका कोपऱ्यात उसवली आहे. सूनबाईंनी इंग्रजीत उत्तर लिहिलं, आमची क्वालिटी टीम यात लक्ष घालते आहे, चोवीस तासांत कळवतो. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "आई, त्या मंगळवारच्या लॉटच्या उशा तुम्ही बघितल्या होत्या ना?" क्वालिटी टीम तेव्हा कांदा परतत होती. "मंगळवारी संकष्टी होती," टीमने कळवलं. "चंद्र उशिरा उगवला." सूनबाईंनी लिहिलं : तांत्रिक कारणाने तपासणीत राहून गेलं, बदलून देतो. तेव्हापासून ही प्रत्येक उशी उलटी करून चारी कोपरे ओढून बघते, आणि पास झालेली उशी खोक्यात ठेवताना तिला हलकेच थापटते. बंगळुरूला, हैदराबादला, नोएडाला जाणाऱ्या प्रत्येक जोडाला बदलापुरातून एक थाप मिळून जाते. याचे वेगळे पैसे लावत नाही.

सरकारी कागदपत्रांतही आम्ही आहोत, फक्त वेगळ्या नावाने. माल राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल केवढीही असो, जीएसटी नोंदणी लागते. नोंदणीसाठी धंद्याची जागा दाखवावी लागते. जागा माझ्या नावावर. म्हणून वीजबिल जोडून मी संमतीपत्र लिहून दिलं की सदर सदनिका सदर व्यक्तीस व्यवसायासाठी विनामोबदला वापरू देण्यास माझी हरकत नाही. हरकत घेण्याची ती एकच अधिकृत संधी मला आयुष्यात मिळाली होती, ती गेली. नोंदणी झाल्यावर कळलं की क्रमांक दारावरच्या पाटीवर लावायचा असतो. आता आमच्या आडनावाखाली पंधरा अक्षरांचा एक क्रमांक आहे. पहिले दोन आकडे 27, महाराष्ट्राचे. पुढे तिचा पॅन. माझ्या नावाला इतकी लांब पदवी उभ्या जन्मात लागली नव्हती.

पाटी बघून सोसायटीचे सेक्रेटरी आले. म्हणाले, काका, हे कमर्शियल झालं, मेंटेनन्सचा विचार करावा लागेल. मी त्यांना आत बोलावलं, खोक्यांच्या सोफ्यावर बसवलं. बोलता बोलता निघालं की त्यांचा मुलगाही घरूनच काम करतो, मानेला पट्टा लागला आहे. सूनबाईंनी आतून एक जोड आणून त्यांच्या हातात दिला. कमर्शियलचा विषय पुढच्या सभेच्या अजेंड्यावर आहे, आणि पुढची सभा गणपतीनंतर. कुठले गणपती ते ठरलेलं नाही.

उद्यम नोंदणी मात्र बसल्याजागी झाली, आधार क्रमांकावर, फुकट. त्यात आमचा वर्ग आला 'सूक्ष्म'. मला जरा बरं वाटलं. मग कळलं की एप्रिल 2025 पासून दहा कोटींपर्यंतची उलाढाल सूक्ष्मातच धरतात. आमचा पलंगाखालचा कारभार आणि कुणाची तरी नऊ कोटींची फॅक्टरी एकाच चाळणीतून खाली पडतात. सरकारची दृष्टी खरोखर विशाल आहे.

आता गिऱ्हाइकांकडे वळतो, कारण त्यांतले पुष्कळ आमच्याच इमारतीत आहेत. चौथ्या मजल्यावरचा तो पोरगा अमेरिकेतल्या कंपनीसाठी रात्रभर जागतो. उल्हासनगरच्या मालावर 'मेड इन यूएसए' लिहिलेलं असायचं आणि त्याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद माझ्या पिढीने लोकलमध्ये हजारदा ऐकला आहे. हा पोरगा उलट दिशेने गेला : माल अस्सल यूएसएचा, बनतो बदलापुरात. व्हिडिओ कॉलवर तो स्वतःमागे डोंगराचं चित्र लावतो, हिरवागार उतार, वर धुकं. पावसाळ्यात त्याच्या खऱ्या खिडकीतून चंदेरीचा सुळका दिसतो, धुक्यासकट. पण खिडकीच्या दांडीवर टॉवेल वाळत असतात, आणि टॉवेल अमेरिकेला दाखवायचे नसतात.

असे रात्रपाळीवाले आमच्या तीन विंगांत मिळून आठ-दहा तरी असतील. त्यांच्यावर शेजारच्या विंगेतल्या एका काकूंचा डब्याचा धंदा चालतो. तोही एकटीचाच, म्हणजे काका पोळ्या भाजतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे करतात, मीटिंगा आपल्याकडे तासभर आधी येतात, आणि काकूंची कणीक सातऐवजी सहाला भिजते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा सात. काकांना व्हाइट हाऊसमध्ये कोण बसलं आहे ते सांगता येणार नाही कदाचित, पण न्यूयॉर्कमध्ये आत्ता किती वाजले हे ते तव्याकडे बघून सांगतात. मध्यरात्री डबे पोचवायला वॉचमन आहे. तो कुरियरची पार्सलं घेतो, ओटीपी सांगतो, झोपलेल्या रात्रपाळीवाल्याच्या दारापुढे मुलांना बॉल खेळू देत नाही. इमारतीतले निदान पाच एकखांबी धंदे त्याच्या टेबलावरून जातात. त्याच्या पगाराचं बिल सोसायटी मेंटेनन्सात भरते. पाचांपैकी कुणाच्याच खर्चाच्या वहीत तो नाही.

वहीवरून आठवलं. सूनबाईंना आता स्वतःचं शिवणयंत्र घ्यायचं आहे, कारखान्यात असतं तसलं, आणि लेबलं छापायचा छोटा प्रिंटर. म्हणून मुद्रा कर्जाचा अर्ज. 2015 साली सुरू झालेल्या या योजनेत पन्नास हजारांपर्यंतच्या कर्जाला 'शिशु' म्हणतात, त्याच्यावरच्याला 'किशोर'. तिला किशोर हवं आहे. त्यासाठी प्रकल्प अहवाल करायला एक ओळखीचे सीए घरी आले. वही चाळली. कापड, फोम, दोरा, खोकी, टेप, कुरियर, परत आलेल्या मालाचं दुहेरी भाडं, सगळं नीट मांडलेलं. पान उलटून ते थांबले.

"पॅकिंगची मजुरी?"

"शून्य," सूनबाई म्हणाली.

"तपासणी?"

"शून्य."

"कच्च्या मालाची ने-आण, हमाली?"

सूनबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी टेपचं टोक शोधत होतो. ते कधीच सापडत नाही.

सीएंनी चष्मा काढला. म्हणाले, असा अहवाल बँकेत दिला तर मॅनेजर म्हणेल आकडे फुगवले आहेत. मजुरीशिवाय एवढा नफा कोणी मानणार नाही. उद्या या दोघांनी हात वर केले तर धंदा चालेल का, हे तो पहिलं विचारेल. कोपऱ्यात पेन्सिलीने त्यांनी बाजारभावाने हिशेब मांडला : पॅकिंगला एक माणूस अर्धा दिवस, तपासणीला एक बाई, आठवड्यातून दोन फेऱ्या. बेरीज झाल्यावर सूनबाईंचा नफा बऱ्यापैकी रोडावला. ती गप्प झाली. हे मी तिच्या बाजूने सांगतो : ती गप्प झाली ती नफ्यासाठी नव्हे. मग तिने तो कागद आपल्याकडे ओढला आणि आकडे पुन्हा, जरा वाढवून लिहिले.

"ठीक आहे," सीए म्हणाले. "मग सासूबाईंना महिन्याला एवढा पगार दाखवू."

आमची ही आतून चहाचा ट्रे घेऊन येत होती. ट्रे तिने खोक्यावर ठेवला, पदराला हात पुसले आणि विचारलं, "दाखवणार, की देणार?"

बोलणी अजून चालू आहेत. सूनबाई द्यायला तयार आहे, अगदी पहिल्या तारखेला, थेट खात्यात. पण हिने आधी तीन अटी घातल्या आहेत : संकष्टीला हाफ डे, मे महिन्यात माहेरची पंधरा दिवस रजा, आणि माझी नेमणूक यापुढे तिच्या हाताखाली. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीवर, मला सांगण्यात आलं आहे, टीम लक्ष घालते आहे.